आमच्या यंत्रात राहणारी बुद्धी

गेल्या पावसाळ्यात या स्मरणिकेची जुळवाजुळव सुरू झाली, तेव्हा पहिली अडचण उभी राहिली ती जुन्या स्मरणिकेची. रौप्यमहोत्सवी अंकाची सीडी कार्यालयाच्या कपाटात जपून ठेवलेली होती. ती संगणकात घातली, फाईल उघडली, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस व उद्गारचिन्हे यांचा नुसता खच पडला. त्या काळी मराठी अक्षरजुळणीसाठी जे सॉफ्टवेअर वापरले गेले, त्याचा फाँट त्या सॉफ्टवेअरलाच बांधलेला होता. आणि ते सॉफ्टवेअर संगणकाच्या पाठीमागे लावायच्या एका लहानशा कुलपाशिवाय, ज्याला डीटीपीवाले डोंगल म्हणतात, चालत नसे. डोंगल कोठे गेले ते कोणालाही सांगता येईना. ज्या मुद्रणालयात काम झाले, ते बंद पडूनही बरीच वर्षे लोटली. लेख आमच्या शिक्षकांचे, आठवणी आमच्या विद्यार्थ्यांच्या, आणि कुलूप तेवढे दुसऱ्याचे, अशी ती अवस्था होती. आमच्याच कुही तालुक्यात मांढळ येथे वाकाटकांचे ताम्रपट सापडले आहेत. दीड हजार वर्षांपूर्वीची ती पेटिकाशीर्षक ब्राह्मी जाणकार आजही वाचतात. आमची पंचवीस वर्षांपूर्वीची सीडी मात्र कोणालाच वाचता आली नाही.

अखेर छापील प्रत शोधली, पाने स्कॅन केली आणि टेसरॅक्ट नावाच्या मुक्त प्रणालीकडून ती वाचून घेतली. ही प्रणाली ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या प्रयोगशाळेत १९८५ ते १९९४ या काळात घडली, २००५ साली सर्वांसाठी खुली झाली, आणि २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून ती न्यूरल नेटवर्कच्या, म्हणजे आज ज्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात त्याच्याच एका प्रकाराच्या, आधाराने अक्षर ओळखू लागली. मराठीची प्रशिक्षित फाईल तिच्यासोबत विनामूल्य मिळते. इंटरनेटची तार काढून ठेवली तरी ती चालते. पान दिले की काही क्षणांत मजकूर हाती येतो. शाई उडालेल्या जागी जोडाक्षरे चुकली, काना-मात्रा गळाल्या, तरी दोन महिन्यांत संपूर्ण अंक पुन्हा युनिकोडमध्ये उभा राहिला. या कामात एकही पान आमच्या संगणक कक्षाच्या दाराबाहेर गेले नाही. ही गोष्ट त्या वेळी आम्हांस फारशी मोठी वाटली नव्हती. ती मोठी का, हे पुढच्या कामात उमगले आणि त्याविषयीच येथे लिहावयाचे आहे.

कृत्रिम बुद्धिमत्ता म्हटली की दूर कोठेतरी, हैदराबादेस वा अमेरिकेत, थंड केलेल्या प्रचंड इमारतीत चालणारे यंत्र डोळ्यांसमोर येते. आपण येथून प्रश्न पाठवायचा, तेथून उत्तर यायचे. परंतु गेल्या तीन-चार वर्षांत दुसरी एक वाट रुंद झाली आहे. ज्याला मॉडेल म्हणतात, ते शेवटी आकड्यांची एक अवाढव्य फाईल असते. सात अब्ज आकड्यांचे मॉडेल, प्रत्येक आकड्याला दोन बाइट धरले, तर चौदा जीबी जागा खाते. तेच आकडे थोडे ढोबळ करून प्रत्येकी अर्ध्या बाइटात बसविले, तर साडेतीन जीबीत मावते. अचूकता थोडी घटते, पण काम भागते. बल्गेरियातील गेओर्गी गेर्गानोव्ह या प्रोग्रामरने २०२२-२३ मध्ये आवाज लिहून घेणारी आणि मजकूर रचणारी मॉडेले महागड्या ग्राफिक्स कार्डाविना साध्या संगणकावर चालतील अशी सोय करून ती जगास विनामूल्य दिली. तेव्हापासून रोजच्या वापरातील डेस्कटॉप ॲप्समध्ये अशी बुद्धी थेट बसविण्याची लाट आली आहे. फायरफॉक्स ब्राउझर २०२३ पासून वेबपानांचे भाषांतर वापरणाऱ्याच्याच संगणकावर करतो. चित्रपट पाहण्याच्या व्हीएलसीने जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात, इंटरनेटशिवाय उपशीर्षके तयार करून दाखविली. ध्वनिमुद्रण साफ करण्यासाठी आमची मुले जे ऑडॅसिटी वापरतात, त्यालाही मागचा गोंगाट काढणारी आणि बोलणे लिहून देणारी जोडणी मिळू लागली आहे.

यात सगळेच नवे आहे असेही नाही. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारे एनव्हीडीए हे विनामूल्य सॉफ्टवेअर ऑस्ट्रेलियातील मायकल करन या स्वतः दृष्टिहीन असलेल्या तरुणाने २००६ मध्ये सुरू केले. त्यात मराठीचा आवाज आहे. तो आवाज यांत्रिक, काहीसा नाकातून आल्यासारखा आहे. पण नेट असो वा नसो, तो बोलतो. आमच्या एका विद्यार्थ्याने तीन वर्षे त्या आवाजाच्या सोबतीने अभ्यास केला. पावसाळ्यात दोन-दोन दिवस नेट जाते, तेव्हा इतर मुलांचे काम अडे आणि त्याचे चालू राही, हे आम्ही पाहिले आहे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. या स्मरणिकेसाठी आम्ही माजी विद्यार्थ्यांची आणि परिसरातील वडीलधाऱ्या माणसांची एक्केचाळीस ध्वनिमुद्रणे केली. काही वीस मिनिटांची, काही दीड तासाची. गोसेखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली आणि पुढे कुही तालुक्यातील अनेक गावे पाण्याखाली गेली. त्या गावांतून उठून आलेली मुले आमच्या वसतिगृहात वाढली. त्यांनी आपल्या बुडालेल्या घराविषयी, विहाराविषयी, मोबदल्याच्या वाटणीवरून भावाभावांत झालेल्या तंट्याविषयी सांगितले. एका आजीने विहिरीवर पाणी भरू न देणाऱ्या माणसाचे नाव घेऊन सांगितले. एका गृहस्थांनी, आपण येथे दाखल झालो तेव्हा वडील कोणत्या आजाराने गेले होते आणि गावाने त्या आजाराचा काय अर्थ लावला होता, हे पहिल्यांदा कोणापुढे तरी बोलून दाखविले. त्या नावांच्या माणसांची नातवंडे आजही तालुक्यात आहेत, बाजाराच्या दिवशी समोरासमोर येतात. काय छापायचे आणि काय नाही, हे सांगणाऱ्यांनी आमच्यावर सोपविले. विश्वास टाकला तो आमच्यावर, आमच्या ओळखीपाळखीत नसलेल्या कोणावर नव्हे.

एवढे बोलणे लिहून काढायचे म्हणजे माणसाच्या हाताला काही महिन्यांचे काम. संस्थेच्या एका हितचिंतकाने मार्ग सुचविला. एक ऑनलाइन सेवा आहे, तीत मुद्रण चढवायचे, तासाभराचे बोलणे काही मिनिटांत लिहून मिळते, आणि सुरुवातीला पैसेही पडत नाहीत. अटी इंग्रजीत होत्या. आमच्यातील एकाने त्या नेटाने वाचल्या. दिलेला आवाज सेवा सुधारण्यासाठी वापरला जाऊ शकतो, असे एका कलमात होते. तो किती काळ ठेवला जाईल, कोठे, हे आम्हांला तरी त्यातून कळले नाही.

बैठकीत दोन मते पडली, आणि दुसरे मत हलके नव्हते. आमच्या एका सहकारी शिक्षिकेने विचारले की, इतकी वर्षे आपल्या माणसांचे बोलणे कोणी ऐकून घेतले नाही. आता यंत्र ऐकते आहे तर आपणच दार का लावून घ्यायचे? मोठ्या यंत्रांना आपली बोली येत नाही म्हणून आपण कुरकुरतो, आणि बोली त्यांच्यापर्यंत जाऊही देत नाही. मग ती त्यांना येणार कशी? या प्रश्नाला आमच्याकडे चटकन उत्तर नव्हते. आजही त्यातील सल आम्हांस जाणवतो. मराठीला आणि पालीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी एकाच निर्णयाने अभिजात दर्जा मिळाला. पण भारतीय भाषांची जी मॉडेले देशात तयार होतात, ती बहुधा आठव्या अनुसूचीतील बावीस भाषांपुरती असतात, आणि पाली त्या बावीसांत नाही. जी भाषा यंत्राला शिकविली जात नाही, ती पुढच्या पिढीच्या पडद्यावर हळूहळू अदृश्य होते, हे त्या शिक्षिकेचे भय निराधार नव्हते.

तरीही आम्ही मुद्रणे बाहेर पाठविली नाहीत. देणे आणि नेले जाणे यांत फरक आहे, असे आम्हांस वाटते. मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या उपक्रमात मराठीही आहे. तेथे माणूस स्वतःहून, जाणूनबुजून वाक्ये वाचून देतो आणि तो आवाज कोणालाही खुला होतो. आमच्या प्रौढ माजी विद्यार्थ्यांनी तेथे जाऊन आपल्या बोलीच्या वळणाने बोलावे, मनमुराद बोलावे, हे आम्ही त्या बैठकीनंतर अनेकांना सांगितले. परंतु आजीने विहिरीविषयी जे सांगितले ते दान नव्हते. आणि आमच्या मुलांचे म्हणाल, तर त्यांची संमती आम्ही तरी कशी द्यावी? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकाची पडताळता येण्याजोगी संमती मागतो. आमच्या पालकांपैकी किती जण मिरचीच्या सातऱ्यावर दिवसभर बसून संध्याकाळी घरी येतात आणि समोर ठेवलेल्या इंग्रजी कागदावर शाळेवरच्या भरवशाने सही करतात, हे आम्ही जाणतो. त्या सहीला संमती म्हणणे कायद्यात बसेल, मनात बसत नाही.

म्हणून काम आमच्याच संगणकावर करायचे ठरले. ज्या मॉडेलांचे आकडे खुले आहेत त्यांतील एक उतरवून घेतले, ते चालविणारे एक साधे डेस्कटॉप ॲप बसविले, नेटची तार काढली आणि पहिले मुद्रण दिले. कक्षातील सर्वांत चांगल्या यंत्राला तासाभराच्या बोलण्यासाठी जवळजवळ चार तास लागले. आम्ही रात्री काम लावून जात असू आणि सकाळी, परिपाठाच्या आधी, काय लिहिले गेले ते पाहत असू. वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या सकाळी मुलांनी पडद्याभोवती जी गर्दी केली, तिच्यात हसण्याचाच आवाज अधिक होता. आजींनी ‘पानी’ म्हटले, यंत्राने ते हिंदी धरले आणि पुढचा अख्खा परिच्छेद हिंदीत लिहून टाकला. दोन्ही भाषांची लिपी एकच, आणि वैनगंगेकाठच्या बोलीत ‘ण’ उच्चारला जात नाही. यंत्राच्या दृष्टीने आजी हिंदीच बोलत होत्या. ‘सातरा’ सगळीकडे ‘सातारा’ झाला. ‘रोवणी’ची ‘रोहिणी’ झाली. आणि ‘धम्म’ हा शब्द जेथे जेथे आला, तेथे तेथे यंत्राने न चुकता ‘धर्म’ लिहिले.

हे शेवटचे वाचून मात्र हसू थांबले. यंत्राचा त्यात डाव नाही, हे आम्ही मुलांना सांगितले. ज्या मजकुरावर ते शिकले त्यात ‘धर्म’ हजारदा आला असेल, ‘धम्म’ एखाद-दुसऱ्यांदा. म्हणून ऐकलेला शब्द अस्पष्ट वाटला की ते संख्येकडे झुकते. ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये खुले केलेले व्हिस्पर हे मॉडेल ६,८०,००० तासांच्या ध्वनीवर घडविलेले आहे. त्यात इंग्रजीखेरीज शहाण्णव भाषांतील बोलणे त्या त्या भाषेत लिहिण्याचे सारे शिक्षण मिळून सुमारे १,१७,००० तासांचे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आठ कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा असलेली मराठी त्या शहाण्णवांतील एक, आणि कुहीकडची बोली त्या मराठीतही नाही. संख्येच्या बळावर एक शब्द पुसून दुसरा बसविणे ही आमच्यासाठी निव्वळ तांत्रिक चूक राहत नाही. त्या दोन शब्दांमधील अंतर तोडण्यासाठी १९५६ मध्ये याच जिल्ह्यात लाखो माणसे एकत्र आली होती.

येथेच स्वतःच्या यंत्रात बुद्धी असण्याचा दुसरा, आणि आमच्या मते मोठा, लाभ कळला. बाहेरच्या सेवेला आपण चूक सांगू शकतो, पण ती सुधारली जाईलच असे नाही, आणि उद्या तीच सेवा बदललेली असते. आमच्या ॲपमध्ये मात्र बोलणे ऐकण्यापूर्वी मॉडेलला थोडा मजकूर सुचविण्याची सोय होती. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने, जो आता पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो, ती दाखवून दिली. दहावीच्या मुलींनी शब्दांची यादी केली: धम्म, विहार, उपासिका, सातरा, बांधी, रोवणी, आंभोरा, मांढळ, वेलतूर. भाषा ओळखण्याचे काम यंत्राकडून काढून घेऊन ती कायमची मराठी केली. सगळे सुधारले असे नाही, पण धम्म धम्म राहू लागला. आंभोऱ्याचे नाव ‘अंबोरा’ होत असे तेही थांबले. ज्या आंभोऱ्याशी परंपरा मुकुंदराजांचा आणि मराठीच्या आद्य ग्रंथांत गणल्या जाणाऱ्या ‘विवेकसिंधू’चा संबंध सांगते, त्या गावाचे नाव मराठीच्या यंत्राला नीट लिहिता यावे एवढी अपेक्षा गैर नसावी. उरलेल्या चुका माणसांनी काढल्या. मुलींनी आजींना फोन करून शब्द विचारले, आणि काही शब्द आम्हां शिक्षकांनाही नव्याने कळले.

स्वतःचे साधन असण्याचे मोल आमच्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. १९२० मध्ये ‘मूकनायक’ निघाले तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापून मिळाली नाही, हे बाबासाहेबांनी नोंदवून ठेवले आहे. पुढे त्यांनी स्वतःचे मुद्रणालय उभारले, तेच कालांतराने बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस म्हणून ओळखले गेले. छापखाना स्वतःचा असला म्हणजे लेख आपोआप चांगले होतात असे नाही. पण कोणता शब्द राहील, याचा निर्णय तरी घरात होतो.

मात्र ‘आपल्या यंत्रात’ या शब्दांनी भुलून जाण्यातही धोका आहे, आणि तो न सांगितला तर हा लेख एकतर्फी होईल. कार्यालयासाठी घेतलेल्या नव्या लॅपटॉपमध्ये एक लेखनाचे ॲप आले. त्यात मजकूर ‘सुधारण्या’चे बटण आहे, आणि ते काम, त्या ॲपच्या म्हणण्याप्रमाणे, यंत्रातल्या यंत्रातच होते. आठवीतील एका मुलीने या स्मरणिकेसाठी ‘माझी माय’ हा निबंध लिहून दिला. तिची माय हंगामात सातऱ्यावर मिरचीचे देठ खुडते. मुलीने लिहिले होते की, माय घरी आली की ताकाने हात धुते, तरी हातांची आग जात नाही. म्हणून ती रात्री लेकरांच्या तोंडावरून हात फिरवत नाही, मनगटाच्या मागच्या बाजूने गाल पुसते. निबंध टंकित करणाऱ्याने शुद्धलेखन तपासण्याच्या चांगल्या हेतूने ते बटण दाबले. शुद्धलेखन निर्दोष झाले. ‘माय’ची ‘आई’ झाली. आणि शेवटी असे वाक्य आले की, आईच्या मायाळू हातांच्या स्पर्शाने दिवसभराचा शीण क्षणात नाहीसा होतो.

मूळ वही आमच्याकडे होती म्हणून हा बदल लक्षात आला. तो निबंध या अंकात मुलीच्या मूळ शब्दांत, तिच्या ऱ्हस्व-दीर्घासह छापला आहे. वाचकांनी तो आवर्जून पाहावा. येथे कोणाची माहिती बाहेर गेली नव्हती. इंटरनेटचा काही संबंध नव्हता. तरीही जे जायला नको होते ते गेलेच होते. आठवीच्या मुलाला स्वतःचे वाक्य सापडायला वेळ लागतो, आणि तो वेळ वाचविण्यासाठी आम्ही शाळा चालवीत नाही. म्हणून आम्ही ठरविले आहे की, ऐकणे, वाचून दाखविणे, जुने पान ओळखणे, भाषांतराचा कच्चा खर्डा करणे या कामांना आमच्या कक्षात यंत्रबुद्धी असेल. मुलाच्या वतीने वाक्य रचणारे किंवा पालटणारे बटण मुलांच्या यंत्रांवर बंद राहील. काही पालकांना आणि एक-दोन शिक्षकांना हा निर्णय मागासलेपणाचा वाटतो. शहरातील मुले हेच वापरून पुढे जातील आणि आपली मागे राहतील, असे ते म्हणतात. त्यांची काळजी आम्ही समजू शकतो. अकरावीपासून या बटणाचा उपयोग आणि दुरुपयोग दोन्ही समोर ठेवून शिकवावा, असा विचार चालू आहे. त्यावर अजून एकमत नाही.

दुसरा धोका निवासी शाळेपुरता खास आहे. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने नव्या प्रकारच्या संगणकांसाठी ‘रिकॉल’ नावाची सोय जाहीर केली. यंत्र दर काही सेकंदांनी पडद्याचे चित्र टिपून ठेवणार, आणि आपण पूर्वी काय पाहिले ते नंतर शोधून देणार; सारे काही यंत्रातच. सुरक्षा-तज्ज्ञांनी दाखवून दिले की ती साठवण पुरेशी बंदिस्त नाही. टीका झाली, जूनमध्ये ती सोय पुढे ढकलण्यात आली, आणि नंतर ती वापरणाऱ्याने स्वतः सुरू केली तरच चालेल अशी करण्यात आली. घरी एकट्याचा संगणक असणाऱ्याला ‘यंत्राबाहेर काही जात नाही’ हे आश्वासन पुरते. आमच्या कक्षात एका यंत्रावर दिवसाला तीस मुले बसतात. एकीने आईला लिहिलेले पत्र, दुसऱ्याने शोधलेला आजार, तिसरीने लिहून खोडलेली तक्रार, हे सगळे यंत्रातच राहिले तर पुढच्या मुलाला, आणि अधीक्षकांनाही, दिसणार. मुलांची माहिती परक्यांपासून राखताना ती आपल्यापासूनही राखावी लागते, हे मान्य करणे वसतिगृह चालविणाऱ्यांना सोपे जात नाही. आम्हांलाही गेले नाही.

आता त्या नव्या संगणकांविषयी थोडे. मायक्रोसॉफ्टने या वर्गातील यंत्रांसाठी किमान सोळा जीबी रॅम आणि सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करणारी वेगळी चिप अशी अट ठेवली. आमच्या कक्षातील अकरा यंत्रांपैकी सात यंत्रांत चार जीबी रॅम आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ही तारीख आम्ही वेगळ्याच कारणासाठी पाळतो, म्हणून ती लक्षात राहिली. त्या सात यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. एका विक्रेत्याने ती भंगारात काढण्याचा सल्ला दिला. आमच्या मुलांनी सुटीत त्यांवर लिनक्स चढविले आणि ती चालू आहेत: टंकलेखन होते, टेसरॅक्ट चालते, एनव्हीडीएच्या जागी ओर्का चालतो. आवाज लिहून घेणारे लहान मॉडेलही त्यांवर चालते, फक्त सावकाश आणि अधिक चुका करीत. व्हिस्परचे सर्वांत लहान मॉडेल ३.९ कोटी आकड्यांचे आहे, सर्वांत मोठे १५५ कोटींचे. मधल्या पायऱ्याही आहेत. यंत्र जसे असेल तशी पायरी निवडण्याची मुभा ठेवली, तर कुहीच्या शाळेलाही त्या जिन्यावर उभे राहायला जागा मिळते.

या स्मरणिकेच्या वाचकांत आमचे असे काही माजी विद्यार्थी आहेत, जे नागपुरात मिहानमध्ये, पुण्यात हिंजवडीला, बेंगळुरूला नेमके हेच काम करतात. डेस्कटॉप ॲप्समध्ये ही बुद्धी बसवितात. पुढचे चार शब्द त्यांच्यासाठी आहेत. बाळांनो, तुमच्या ॲपमध्ये अशी सोय घालाल तेव्हा ती मुळात बंद असू द्या. ज्याला हवी तो सुरू करील. ती सुरू असताना पडद्यावर तसे स्पष्ट, मराठीत, लिहिलेले असू द्या. यंत्र कमकुवत निघाले म्हणून आमचा मजकूर गुपचूप तुमच्या सर्व्हरकडे पाठवू नका. जमत नाही असे सरळ सांगा, आम्हांला नकार पचवायची सवय आहे. शब्द जोडण्याची वही द्या, आणि ती वही साध्या फाईलमध्ये राहू द्या, म्हणजे उद्या तुमचे ॲप बंद पडले तरी आमच्या मुलींनी जमविलेले शब्द डोंगलच्या वाटेने जाणार नाहीत. मूळ आणि सुधारित असे दोन्ही मजकूर शेजारी दाखवा. मूळ कधीही पुसू नका. आणि एखादी बोली कळली नाही, तर ती हिंदी आहे असे ठरवून मोकळे होऊ नका.

एक्केचाळीसपैकी सव्वीस मुद्रणे लिहून, तपासून झाली आहेत. त्यांतील निवडक भाग, सांगणाऱ्यांना वाचून दाखवून आणि त्यांनी गाळायला सांगितले ते गाळून, या अंकात दिले आहेत. विहिरीची हकिकत आजींनी छापू दिली, माणसाचे नाव काढायला लावले. ‘त्याची नात चांगली आहे, येते घरी’ असे त्या म्हणाल्या. पंधरा मुद्रणे शिल्लक आहेत. ती दिवाळीच्या सुटीनंतर रात्रपाळीला लागतील. शब्दांची यादी आता एकशे अठ्ठ्याऐंशीवर गेली आहे आणि कक्षाच्या दाराला चिकटविलेली आहे. जवळ पेन्सिल बांधून ठेवली आहे. आजी-माजी विद्यार्थ्यांपैकी जो कोणी येईल, त्याने आपल्या घरचा एखादा शब्द तीत भरावा.